फोटोतला मासा आणि त्याचा समुद्र

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एक ठरावीक फोटो कॅलिफोर्नियातल्या कितीतरी घरांत सापडतो. दोन खांबांवर आडवा टाकलेला वासा, वाशाला शेपटीकडून टांगलेला मासा, त्याला खेटून उभे असलेले वडील आणि माशाच्या निम्म्यापर्यंत कशीबशी पोहोचणारी दोन मुलं. मागे कोरडे डोंगर, पायथ्याशी निळंशार पाणी. फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं असलंच तर एवढंच: ‘मेक्सिको, १९६१’. मासा कोणता, गाव कोणतं आणि चौकटीच्या कडेला अर्धाच आलेला तो होडीवाला कोण, याचा पत्ता नाही.

असे फोटो आता वारसांच्या हाती येताहेत. ज्यांनी ते काढले त्यांच्यातले बरेच जण गेले, उरलेले थकले आहेत. घर आवरताना स्लाइडचे डबे निघतात, नातवंडं त्या स्कॅन करतात, भावंडांना पाठवतात आणि जुन्या सहलींच्या गप्पा निघतात. वरवर पाहता हा घरगुती हौसेचा मामला आहे. पण मेक्सिकोच्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर या हौशी फोटोंचं मोल घराबाहेरही मोठं आहे. तिथल्या समुद्राची पद्धतशीर मोजदाद फारशी होत नव्हती, त्या काळात तो समुद्र कसा होता हे सांगणारी साधनं मोजकीच उरली आहेत आणि हे फोटो त्यांतलं एक आहेत. मात्र ते उपयोगी पडायचं तर दोन आठवणी एकत्र याव्या लागतात: ज्या कुटुंबाकडे कॅमेरा होता त्याची आणि ज्या कुटुंबाची होडी होती त्याची. या प्रस्तावनेचा विषय हाच आहे.

आधी जागा पाहू. मेक्सिकोच्या वायव्येला बाहा कॅलिफोर्निया हा सुमारे बाराशे किलोमीटर लांबीचा चिंचोळा द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागर, तर पूर्वेला द्वीपकल्प आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये शिरलेलं कॅलिफोर्नियाचं आखात. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव कोर्तेसचा समुद्र. उत्तर टोकाला कोलोरॅडो नदी मिळते, म्हणजे मिळत असे. दोन्ही काठांना वाळवंट, पण पाण्यात सुबत्ता; कारण वारे आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह तळाचं थंड, पोषक पाणी वर आणतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर लहान माशांपासून देवमाशांपर्यंत सगळी साखळी पोसली जाते.

या किनाऱ्यावर पोहोचणं सोपं नव्हतं. तिहुआना ते काबो सान लुकास हा १,७११ किलोमीटरचा महामार्ग १९७३ साली पूर्ण झाला. त्याआधी द्वीपकल्पाच्या मधल्या पट्ट्यात दगडधोंड्यांची वाट होती आणि टायर फुटणं हा प्रवासाचा रोजचा भाग होता. ज्यांना परवडे ते लहान विमानांनी येत आणि धूळभरल्या धावपट्टीवर उतरत. लोरेतोचं ‘फ्लाइंग स्पोर्ट्समन लॉज’ हे नावच त्या काळाचं वर्णन करतं. दक्षिणेत, मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष आबेलार्दो रोद्रीगेस यांच्या मुलाने १९५६ साली पाल्मिया हॉटेल उघडलं. तिथेही पाहुणे विमानाने किंवा बोटीने येत. त्यामुळे १९७३ आधीचे फोटो आणि नंतरचे फोटो यांच्यामध्ये एक स्पष्ट रेघ आहे. आधीच्या फोटोंत माणसं थोडी आणि मासे भरपूर दिसतात. रस्ता झाल्यावर गाड्या, तंबू आणि मोटारीमागे ओढून आणलेल्या होड्या दिसू लागतात.

या आधीच्या काळाचा सर्वांत उत्साही साक्षीदार म्हणजे रे कॅनन. मूकपटांच्या जमान्यात हॉलिवूडमध्ये नट आणि दिग्दर्शक म्हणून काम केलेला हा माणूस उतारवयात मासेमारीवर लिहू लागला आणि त्याने आपली उरलेली वर्षं या आखाताला वाहिली. १९६६ साली आलेल्या त्याच्या ‘द सी ऑफ कोर्तेस’ या सचित्र ग्रंथाने हजारो अमेरिकी कुटुंबांना बाहाची वाट धरायला लावलं. १९७७ साली तो वारला. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९९९ साली, जीन कीरा यांनी त्याची कात्रणं, पत्रं आणि फोटो यांच्या आधारे एक मोठं पुस्तक सिद्ध केलं. खोक्यांत पडून राहिलेली एका माणसाची चित्रं योग्य हाती पडली की त्यांतून एका प्रदेशाची तीस वर्षं कशी उभी राहतात, याचा हा नमुना.

मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल असंही एक नाव या वाटेवर भेटतं. पेरी मेसनच्या कथा लिहिणारे अर्ल स्टॅन्ली गार्डनर बाहाच्या प्रेमात होते. १९४८ पासून त्यांनी या द्वीपकल्पावर प्रवासाची पुस्तकं लिहिली. त्यांत जीपगाड्या, मासे आणि वाटेत भेटलेली माणसं आहेत आणि भरपूर फोटोही आहेत.

याउलट, ज्या सफरीने हा समुद्र साहित्यात अमर केला तिच्याकडे फोटोंची वानवाच होती. १९४० च्या मार्च-एप्रिलमध्ये जॉन स्टाइनबेक आणि त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र एड रिकेट्स ‘वेस्टर्न फ्लायर’ ही सार्डिन पकडणारी बोट घेऊन आखातभर फिरले. ओहोटीच्या वेळी खडकांतले जीव गोळा करायचे, असा बेत. कॅमेरे सोबत होते, पण फोटोंचं काम कुणा एकाकडे सोपवलेलं नव्हतं आणि नमुने गोळा करणाऱ्यांचे हात सतत ओले आणि गुंतलेले. त्यांनी जिवांच्या नोंदी बारकाईने केल्या. ग्वाय्मासजवळ जपानी बोटी समुद्राचा तळ खरवडून कोळंबी काढत होत्या आणि जाळ्यात आलेले बाकीचे मासे मेलेले परत फेकत होत्या, हेही लिहून ठेवलं. हा समुद्र असाच उपसला गेला तर काय होईल ही काळजी त्या पानांत आहे. पण त्या वर्षी किनाऱ्यावरच्या एखाद्या कुटुंबाच्या होडीत दिवसाकाठी काय पडत होतं, हे दाखवणारं चित्र शोधायचं तर कुणाच्या तरी घरचा अल्बमच उघडावा लागतो.

घरातल्या आठवणींकडे शास्त्राने गंभीरपणे पाहायला सुरुवात केली ती १९९५ मध्ये. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी तेव्हा एक छोटा, जेमतेम पानभराचा लेख लिहिला. शास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्रच मूळचा धरते, त्यामुळे आधी झालेली घट हिशेबात येतच नाही, हा त्यांचा मुद्दा. उदाहरण घरगुतीच होतं: एका सहकाऱ्याचे आजोबा १९२० च्या दशकात डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या काटेगाटमध्ये बांगड्याच्या जातीच्या माशांसाठी जाळी टाकायचे, त्यांत मोठाले ट्यूना अडकायचे आणि आजोबा वैतागायचे. लेख लिहिला गेला तेव्हा तिथे असा वैताग येण्याची सोय उरलेली नव्हती. अशा घरगुती गोष्टींना पुराव्याचं स्थान द्या, असं पॉली म्हणत होते.

दहा वर्षांनी आंद्रेआ साएन्स-आरोयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या आखातात हेच करून दाखवलं. त्यांनी तीन पिढ्यांच्या १०८ मच्छीमारांना गाठलं आणि विचारलं: कोणत्या जाती कमी झाल्या? कोणत्या जागा ओस पडल्या? तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कोणता? म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या संपत चाललेल्या जाती तरुणांच्या यादीच्या पाचपट होत्या, ओस पडलेल्या जागा चौपट. ‘बाया’ नावाने ओळखला जाणारा, गोबऱ्याच्या कुळातला, माणसाएवढा वाढणारा मासा घ्या. म्हाताऱ्यांनी त्यांच्या सर्वोत्तम दिवशी तो तरुणांच्या सर्वोत्तम दिवसाच्या पंचवीसपटीपर्यंत पकडला होता. आणि तरुणांपैकी फारच थोड्यांना हा मासा एके काळी मुबलक होता याची कल्पना होती. बाप आणि मुलगा एकाच होडीत बसत होते, पण त्यांच्या डोक्यातले समुद्र वेगळे होते.

आठवणींवर शंका घेता येते, म्हणून फोटोंकडे वळावं लागतं. लॉरेन मॅक्लेनाकन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मेक्सिकोतलं नाही, फ्लोरिडातल्या की वेस्टचं आहे. पण त्यांची रीत या विषयाला थेट लागू पडते. की वेस्टच्या धक्क्यावर पर्यटक आपली शिकार एका फळीवर टांगून फोटो काढून घेत. ही चाल १९५० च्या दशकापासून २००७ पर्यंत बदलली नाही. फळी तीच, पोज तीच, हसू तेच. मॅक्लेनाकन यांनी फोटोंतले मासे मोजले, त्यांच्या लांबीवरून वजन काढलं. १९५६ च्या सुमारास टांगलेल्या माशाचं सरासरी वजन १९.९ किलो होतं, ते २००७ मध्ये २.३ किलोवर आलेलं होतं. महागाई धरून पाहता सहलीचं भाडं मात्र साधारण तेवढंच राहिलं होतं.

मेक्सिकोच्या बाबतीत हा हिशेब ज्याच्यासाठी सर्वांत मोलाचा, तो मासा म्हणजे तोतोआबा. तो जगात फक्त या आखातातच सापडतो. दोन मीटर लांब आणि शंभर किलोंवर वाढणारा हा मासा वसंतात अंडी घालायला उत्तरेकडे, कोलोरॅडोच्या मुखाशी, थव्याने यायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या पोटातल्या वायुपिशवीला चीनच्या बाजारात भाव मिळू लागला. सुरुवातीला पिशवी काढून घेत आणि मांस किनाऱ्यावर सडत पडे. पुढे अमेरिकेत मांसालाही गिऱ्हाईक मिळालं. १९४२ मध्ये दोन हजार टनांहून अधिक तोतोआबा पकडला गेला, १९७५ मध्ये ५८ टन. त्याच वर्षी मेक्सिकोने बंदी घातली. दरम्यान १९३६ मध्ये हूव्हर धरण पूर्ण झालं, १९६३ पासून ग्लेन कॅन्यनमध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि नदीचं गोडं पाणी समुद्रापर्यंत येईनासं झालं.

तोतोआबाचं नातं कोकणातल्या घोळीशी आहे. दोन्ही मासे एकाच कुळातले, आणि घोळीच्या ज्या पिशवीला आपल्याकडे बोत म्हणतात तिचा बाजारही तिकडचाच. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका मच्छीमाराला एका फेरीत १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे सव्वा कोटींहून अधिक रुपये झाल्याची बातमी महाराष्ट्रभर गाजली. एवढ्या किमतीपायी काय होऊ शकतं हे तोतोआबाने दाखवलं आहे. बंदीनंतरही चोरटी जाळी लागत राहिली आणि त्या जाळ्यांत वाकिता हा जगातल्या सर्वांत लहान समुद्री सस्तन प्राण्यांपैकी एक प्राणी अडकून मरत राहिला. शास्त्राने १९५८ मध्ये ओळखलेल्या या डॉल्फिनसारख्या जिवाचे आता दहाच्या आसपासच नग उरले आहेत. त्या पार्श्वभूमीवर सान फेलिपे किंवा पुएर्तो पेन्यास्कोच्या वाळूवर ओळीने मांडलेल्या तोतोआबांचा चाळीस-पन्नासच्या दशकातला घरगुती फोटो पाहावा. त्यात कुणाचा गुन्हा शोधायचा नसतो. तो मासा किती मोठा होता, कोणत्या महिन्यात, किती काठाजवळ मिळत होता, हे त्यात वाचायचं असतं.

कासवांचंही तसंच. बाहिआ दे लोस आंखेलेस या उपसागरावर आंतेरो दियास यांची खाणावळ आणि धावपट्टी होती. आखातात येणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींचा तो अड्डाच. उलटी करून ठेवलेली मोठमोठी समुद्री कासवं त्या काळाच्या फोटोंत दिसतात, कारण कासव हा तेव्हा तिथला रोजचा व्यापार होता. १९९० मध्ये मेक्सिकोने कासवांवर पूर्ण बंदी आणली. मिशेल मारिया अर्ली-कापिस्त्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये बाहा कॅलिफोर्नियातल्या हिरव्या कासवाच्या मासेमारीचा २९० वर्षांचा इतिहास पुन्हा उभा केला, तो जुनी कागदपत्रं आणि म्हाताऱ्या कासवमाऱ्यांच्या मुलाखती एकमेकांना जोडून. आज अशा फोटोंची लाज वाटून ते अल्बममधून काढून टाकणारी घरं आहेत. ते फोटो जपायला हवेत, कारण तिथे किती कासवं होती याचा तोही एक थेट पुरावा आहे.

फोटो वाचायचा म्हणजे मासा सोडून बाकीचंही वाचायचं. उदाहरणार्थ, होडी. मागे वाळूवर ओढलेली होडी अखंड झाडाचं खोड कोरून केलेली असेल तर फोटो बहुधा १९७० च्या आधीचा. अशा होड्या मुख्य भूमीवरच्या नायारितकडच्या मोठ्या झाडांपासून बनत आणि आखात ओलांडून इकडे येत. फायबरग्लासचा, उंच नाकाडाचा ‘पांगा’ दिसला तर तो नंतरचा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ला पासमध्ये तसे पांगे बनू लागले आणि काही वर्षांतच लाकडी होड्या मागे पडल्या. पांग्याला मोटर लागली की मच्छीमार दूर जाऊ लागला, म्हणजे फोटोतला मासा गावाजवळचा की लांबचा हे होडीवरूनही ताडता येतं. मोटारीच्या नंबरप्लेटवर वर्ष असतं. कोडॅकच्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पण ती तारीख फिल्म धुतल्याची असते. सहल त्याच्या आधीची, कधी कधी कित्येक महिने आधीची. कोडाक्रोमच्या स्लाइड अंधारात ठेवलेल्या असल्या तर रंग अजून ताजे असतात, त्यामुळे माशाच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके पाहून जात ओळखता येते. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट मात्र लालसर पडलेल्या असतात, तिथे आकारावर भिस्त ठेवावी लागते.

आणि फोटो फसवतोही. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाचा फोटो कुणी काढत नाही. लहान मासे चौकटीत येत नाहीत. मासा कॅमेऱ्याच्या पुढे धरला की तो मोठा दिसतो, ही युक्ती तेव्हाही ठाऊक होती. यावर साएन्स-आरोयो यांच्या कामात एक उपाय आहे: मोठ्या दिवसाची तुलना मोठ्या दिवसाशीच करायची. आजोबांचा सर्वांत चांगला फोटो आणि नातवाचा सर्वांत चांगला फोटो शेजारी ठेवले की बढाई दोन्हीकडे सारखीच असते आणि फरक उरतो तो समुद्राचा.

आता त्या चौकटीच्या कडेच्या माणसाकडे येऊ. जागा त्याला माहीत होती, आमिष त्याने लावलं होतं, मासा होडीत त्याने ओढला होता. मेक्सिकोतल्या मच्छीमार घरांत त्या काळी कॅमेरे दुर्मीळ होते, त्यामुळे त्याच्या तरुणपणाचा एकमेव फोटो कदाचित परक्या देशातल्या एका डब्यात पडला असेल. आणि त्या फोटोची खरी माहिती त्याच्या घरी असेल: त्या वळणाचं नाव, तिथला खडक, त्या वर्षीचं वादळ, मासे कमी झाले ते साल. एक घर चित्र सांभाळून आहे, दुसरं घर मजकूर. दोन्ही एकत्र आल्याशिवाय फोटो अर्धाच राहतो.

काबो पुल्मोचं उदाहरण इथे आठवतं. द्वीपकल्पाच्या टोकाजवळचं हे चिमुकलं गाव मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांच्या वंशजांचं. स्टाइनबेक आणि रिकेट्स इथल्या प्रवाळावर थांबले होते. पुढे इथले मासे आटले. तेव्हा गावातल्या कुटुंबांनीच संरक्षणाचा आग्रह धरला आणि १९९५ मध्ये ७,१११ हेक्टरांचं राष्ट्रीय उद्यान झालं. कायद्याने उद्यानाच्या काही भागातच मासेमारी बंद केली होती. गावकऱ्यांनी ती सगळ्याच भागात थांबवली आणि स्वतः राखण केली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. समुद्र पुन्हा किती भरू शकतो हे सांगायला आता काबो पुल्मो आहे. पण तो पूर्वी किती भरलेला होता, म्हणजे अजून किती वाट बाकी आहे, हे सांगायला जुने फोटोच लागतात.

म्हणून फोटो वाटण्याची रीतही विचारपूर्वक हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता टाकलेला फोटो दाबून लहान होतो आणि फाइलमधली तारखेची नोंद गळते, तेव्हा मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. पाठीवरचा मजकूर वेगळा स्कॅन करावा, अक्षर कुणाचं तेही लिहावं. अल्बममधला क्रम मोडू नये, कारण एका नाव नसलेल्या फोटोची जागा त्याच्या मागच्या-पुढच्या फोटोवरून कळते. माहीत असलेलं आणि अंदाजाने लिहिलेलं यांत फरक दिसू द्यावा. ‘लोरेतो, नक्की’ आणि ‘बहुधा मुलेहे’ या दोन्ही नोंदी उपयोगी आहेत, फक्त त्यांची सरमिसळ होऊ नये.

शेवटी प्रत कुठे जावी हाही प्रश्न आहे. ला पासमध्ये पाब्लो एल. मार्तीनेस यांच्या नावाचं ऐतिहासिक अभिलेखागार आहे, बाहिआ दे लोस आंखेलेसमध्ये गावाने उभं केलेलं निसर्ग आणि संस्कृतीचं संग्रहालय आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे बाहाविषयीचे संग्रह आहेतच, पण एक प्रत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पोहोचली पाहिजे, कारण ओळख पटवणारे डोळे तिथे आहेत. ज्या घरांत असे डबे आहेत त्यांनी पहिलं काम स्कॅनिंगचं धरू नये. ज्यांना त्या सहली आठवतात त्यांच्याशेजारी आधी बसावं, एकेक स्लाइड उजेडासमोर धरून विचारावं आणि उत्तर ध्वनिमुद्रित करावं: हा मासा कोणता, गाव कोणतं, महिना कोणता, होडी कुणाची. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की त्या गावात त्या माणसाच्या घरच्यांचा शोध घेता येतो आणि फोटोची एक प्रत त्यांच्या हाती देऊन तेच चार प्रश्न त्यांनाही विचारता येतात.